हौदा उतरवा, पण आधी खडखड हुडका!

मोसंबी विकून गेवराईहून उमापूरला परत निघालेली रिकामी पिकअप दिसायच्या आधी ऐकू येते. सकाळी हीच गाडी भरून गेली तेव्हा मुकाट्यानं गेली होती. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण पिकअपला तंतोतंत लागू पडते आणि त्यामागं साधं यंत्रशास्त्र आहे. मागचे कमानपाटे दीड-दोन टन माल पेलायच्या हिशेबानं कडक ठेवलेले असतात. हौद्यात वजन नसलं की ते दबतच नाहीत. मग खड्ड्याचा प्रत्येक धक्का जसाच्या तसा वर चढतो, फाळका कड्यांत आपटतो, साखळी पत्र्यावर नाचते आणि खाली लटकलेली स्टेपनी ठेका धरते. माल भरला की पाटे दबतात, हौदा जागच्या जागी बसतो आणि ओझंच आवाजाच्या तोंडावर हात ठेवतं.

गेवराई तालुक्यात रेल्वे नाही. कापूस असो, मोसंबी असो, खताची पोती असोत की लग्नाचं रुखवत, सगळं चाकांवरच चालतं. त्यामुळं इथल्या पिकअपवाल्याचा निम्मा जन्म या खडखडीत जातो. मग कुणीतरी मोबाइलवर बघतं की परदेशात लोक गाडीचा अख्खा हौदा उतरवतात, त्याला खालून आवाजरोधक थर लावतात आणि गाडी म्हणे आरामकार होते. करायचं का आपणही? करा, पण त्याआधी आवाजाच्या दुनियेतल्या काही गमती ऐका. त्यात हजारो रुपये वाचण्यासारखं बरंच आहे.

शिडीवरचं बिऱ्हाड

आजची कार म्हणजे एकसंध पेटी असते. तिचा मागचा भाग काढायचा म्हटलं तर गॅसकटरच लागेल. पिकअपचं तसं नाही. खाली शिडीसारखी चेसिस, तिच्यावर पुढं केबिन आणि मागं हौदा. दोघांची बिऱ्हाडं वेगळी आणि मध्ये फट. हौदा चेसिसवर बसतो तो बोल्टांनी किंवा यू-क्लॅम्पनी, आणि पोलादावर पोलाद घासू नये म्हणून मध्ये रबराचं, काही ठिकाणी लाकडाचं पॅकिंग. हे पॅकिंग नीट लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतला खरा नायक तोच आहे, फक्त त्याच्याकडं कुणी बघत नाही.

कारखान्यातून तयार होऊन आलेली पहिली पिकअप फोर्ड कंपनीनं १९२५ साली विकायला काढली. मॉडेल टी गाडीच्या मागं पोलादी हौदा जोडलेला, किंमत २८१ डॉलर. त्याआधी अमेरिकन शेतकरी काय करत होते? मोटारीची मागची बाजू कापून तिथं लाकडी पेटी ठोकत होते. जुगाड ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट याहून भारी आहे. १९३२ साली तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं, की रविवारी चर्चला जाताना अंग भिजणार नाही आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी बनवून द्या. कंपनीचा तरुण अभियंता ल्युईस बँट कामाला लागला आणि १९३४ साली ती गाडी रस्त्यावर आली. तिथं ती ‘यूट’ म्हणून अजून लाडाची आहे. रविवारी लग्नाला, सोमवारी शेळ्यांच्या बाजाराला, हा हिशेब उमापूरकरांना समजावून सांगायला नको.

आपल्याकडं टाटांची पहिली पिकअप, टाटामोबाइल, १९८८ साली पुण्यातून बाहेर पडली. पण खेड्याचा नूर खरा बदलला तो २००५ साली आलेल्या टाटा एसनं. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात घडलेल्या या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ करून टाकलं. तिचं इंजिन ७०२ सीसीचं, दोनच सिलिंडरचं. गाडी चालते की थरथरते हे ज्यांना नीट सांगता येत नसे, त्यांनी दोन सिलिंडरांना दोष द्यावा. तो योग्य ठिकाणी जाईल.

आणि चेसिसवर बॉडी चढवण्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं काम कोण करत आलं आहे? आपली एसटी. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळचं हिंगणा, या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत नुसत्या चेसिस येतात आणि लालपरी होऊन बाहेर पडतात. तिच्या खिडक्यांच्या तावदानांचा खुळखुळा ज्यांनी शाळा-कॉलेजच्या वयात ऐकला, त्यांना खडखड या विषयावर वेगळं शिक्षण लागत नाही.

दहातल्या नऊ गाड्या बंद करा

आवाजाचा हिशेब सावकाराच्या व्याजापेक्षा चमत्कारिक आहे. डेसिबल हे माप बेरजेनं चालत नाही. ८० डेसिबलच्या एका यंत्राशेजारी तेवढ्याच आवाजाचं दुसरं यंत्र चालू केलं तर आवाज १६० होत नाही, ८३ होतो. याचाच उलटा अर्थ जास्त कामाचा आहे. दोनपैकी एक बंद केलं तर फक्त ३ डेसिबल कमी होतात आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो.

आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायचा असेल तर साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे सारख्या आवाजाच्या दहा गाड्या उभ्या असतील तर त्यातल्या नऊ बंद कराव्या लागतील. म्हणून एखादा मालक हजारो रुपयांच्या शीट चिकटवून येतो, मोबाइलच्या ॲपवर चार डेसिबलचा फरक दाखवतो आणि शेजारी बसलेली मालकीण म्हणते, “मला तर कालच्यासारखंच वाटतंय.” दोघंही खरं बोलत असतात.

आणखी एक खोड. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून ठेवतो. फाळक्याची खडखड बंद केली की दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डची किरकिर ऐकू येते, ती मिटली की काचेची. गाडी नव्यानं बिघडलेली नसते. आधीची मंडळी गप्प बसल्यामुळं मागच्या रांगेतल्यांना बोलायची संधी मिळालेली असते.

सप्ताहातली कणीक

नामसप्ताहाच्या मंडपात पखवाजवाला वादनाआधी डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापतो. कशासाठी? कातड्याचं वजन वाढतं, ते सावकाश थरथरतं आणि आवाज खोल, भरदार होतो. तबल्याच्या पुडीवरची काळी शाई हेच काम कायमस्वरूपी करते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये आपल्या वाद्यांच्या या करामतीवर लिहिलं होतं. कातड्याच्या मध्यावर वजन दिल्यामुळं या वाद्यांतून सुरेल स्वर कसे निघतात, ते त्यांनी दाखवलं. नोबेल त्यांना नंतर, १९३० साली मिळालं आणि ते प्रकाशावरच्या कामासाठी.

हौद्याचा पत्रा म्हणजेही ताणून बसवलेलं एक चामडंच आहे. त्यावर बोटाचं पेर मारून बघा, ‘टण्ण’ वाजतं. ब्यूटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली शीट चिकटवली की तोच पत्रा ‘ठप्प’ वाजतो. शीट वजन वाढवते, हे झालं कणकेचं काम. पण तिचं मोठं काम दुसरंच आहे. पत्रा वाकतो तेव्हा वरचा ॲल्युमिनियमचा थर वाकायला नकार देतो आणि मधलं चिकट रबर दोघांच्या ओढाताणीत पिळवटून निघतं. पत्र्याची थरथर तिथं उष्णता होऊन जिरते. ही उष्णता इतकी किरकोळ की हाताला कळणारही नाही, पण ‘टण्ण’चं ‘ठप्प’ होतं.

आता पैसे वाचवणारी गंमत. अशी शीट सगळ्या पत्र्यावर लावायची गरजच नसते. सपाट पत्रा कडेला घट्ट आणि मध्यावर मोकळा असतो, म्हणून जास्त थरथरतो तो मध्यावर. आडव्या पट्ट्यांच्या मधल्या प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी तुकडा लावला आणि एकूण क्षेत्राचा सुमारे पाव भाग झाकला, तरी बराचसा फायदा पदरात पडतो. पुढची तीन चतुर्थांश शीट दुकानदाराच्या फायद्यासाठी असते.

वजनाचाही हिशेब करून टाकू. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपचा लांबातला लांब हौदा ३,०५० मिलिमीटरचा. रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास धरली तर तळ सव्वापाच चौरस मीटरचा होतो. २ मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल शीट चौरस मीटरला ३ किलोच्या घरात जाते. सगळा तळ मढवला तर १६-१७ किलो, पाव भाग मढवला तर जेमतेम ४ किलो. शीट विकणारा पहिला आकडा सांगणार नाही आणि दुसरा तर मुळीच नाही.

सात मीटरची लाट

चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० ठोके पडतात. या ठोक्याची हवेतली लाट किती लांब? जवळजवळ सात मीटर! म्हणजे अख्ख्या पिकअपपेक्षा लांब. अशा लाटेला १० मिलिमीटरचा फोम अडवणार म्हणजे गोदावरीच्या पुराला चाळणी लावण्यासारखं आहे. फोम आवाज शोषतो तो बारीक, तीक्ष्ण, वरच्या पट्टीतला: वाऱ्याची शीळ, खड्यांची चरचर. इंजिनची खोल धडधड त्याला भीक घालत नाही. ती अडवायला वजन लागतं किंवा इंजिनच धरून ठेवणारे रबरी माउंट धड लागतात. भेगाळलेला माउंट बदलला तर जो फरक पडतो, तो फोमच्या गादीनं पडत नाही.

आणि अंड्यांचे ट्रे? भिंतीला ते चिकटवले की आवाज बाहेर जात नाही, अशी जुनी समजूत आहे. कागदी लगद्याचा तो हलका ट्रे खोलीतला घुमारा थोडासा मोडतो, पण आवाज अडवत काहीच नाही. केबिनच्या टपाला ते लावलेली गाडी कुठं दिसली तर मालकाला सांगा, अंडी तरी ठेवा त्यात.

एक टक्का भोक

या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता आकडा हा आहे. कितीही जाड, कितीही महागडी भिंत घ्या. तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का भोक उघडं राहिलं, तर ती २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवूच शकत नाही. भिंत पोलादाची असो, काँक्रीटची असो. आवाज पाण्यासारखा फट हुडकतो.

आता आपल्या गाडीत वाकून बघा. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं, क्लचच्या पेडलभोवती उजेड दिसतोय, वायरिंग जिथून केबिनमध्ये शिरतं तिथलं रबरी कडं गायब, दाराचं रबर उन्हानं कडक होऊन चेपलेलं. उमापूरच्या उन्हाळ्यात रबराचं आयुष्य किती, ते वेगळं सांगायला नको. यातली प्रत्येक वस्तू स्पेअर पार्टच्या दुकानात किरकोळ पैशात मिळते. पण ‘दाराचं रबर बदललं’ असं गावात सांगण्यात काही थाट नाही. ‘हौदा उतरवून साउंडप्रूफ केली’ म्हटलं की लोक चहा पाजतात.

स्क्रू ड्रायव्हरचा स्टेथोस्कोप

जुना मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. बघणाऱ्याला हे ढोंग वाटतं, पण घन वस्तूतून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगानं आणि ताकदीनं येतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर पोलादात त्याच्या चौदा-पंधरा पट. कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते या देशी स्टेथोस्कोपला कळतं.

आवाजाच्या जातीवरूनही रोग कळतो. ‘खडखड’ म्हणजे दोन सैल वस्तू एकमेकींवर आपटतायत: फाळका, स्टेपनी, सायलेन्सरचा क्लॅम्प. ‘कर्रकर्र’ म्हणजे दोन पृष्ठभाग अडकत-सुटत घासतायत: कोरडे पाटे, शॅकलचे बुश, हौद्याखालचं झिजलेलं पॅकिंग. वेगाबरोबर चढत जाणारी ‘घूंऽऽ’ बहुतेक वेळा टायरची किंवा चाकाच्या बेअरिंगची. गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडली आणि ‘घूंऽऽ’ तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष सुटलं.

टायरचीही एक गंमत. टायरवरचे ठोकळे नीट निरखून पाहा, ते एका मापाचे नसतात. लहान, मोठा, मधला असे मुद्दाम उलटसुलट मांडलेले असतात. सगळे सारखे ठेवले तर प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळानं रस्त्यावर आपटेल आणि टायर एकाच सुरात गाऊ लागेल. मापं बदलली की सूर विस्कटतो आणि नुसती घरघर उरते. चिखलासाठी मोठ्या ठोकळ्यांचे टायर घातलेत तर ते डांबरी रस्त्यावर आरडाओरडा करणारच, त्याला हौद्याखालची शीट काय करणार?

शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळांत हेच काम मायक्रोफोन करतात. पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून उभी असलेली एआरएआय आणि अहिल्यानगरची संरक्षण खात्याची व्हीआरडीई, या आपल्या दोन मोठ्या वाहनचाचणी संस्था. गाडीचा बाहेरचा आवाज मोजायची रीत ठरलेली आहे: रस्त्याच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन ठेवायचे आणि गाडी त्यांच्यामधून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पळवायची. मायक्रोफोन मात्र रस्त्यावरच्या माणसाचं ऐकतात. ड्रायव्हरच्या कानाशी काय चाललंय, हा या परीक्षेचा विषयच नाही.

कापूस आवाज खातो

कापसानं गच्च भरलेल्या पिकअपमागून सायकलवर गेलात तर जाणवेल, गाडी केवढी शांत असते. तंतूंच्या जाळ्यात हवा अडखळते आणि आवाजाची ताकद घर्षणात संपते. मोटारकंपन्यांना हे केव्हाच ठाऊक आहे. जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेला नमदा कितीतरी गाड्यांच्या छतात आणि गालिच्याखाली असतो. फोर्डनं २०१२ च्या फोकस गाडीत जुन्या जीन्सचा कापूस वापरला होता, एका गाडीमागं साधारण दोन पँटींचा. बीड जिल्ह्यातला कापूस कुठल्या परदेशी गाडीच्या तळाशी झोपलेला असेल, काही सांगता येत नाही.

मग हौद्याखाली आपणच गोधडी बांधली तर? अजिबात नको. केबिनच्या आत कापूस, नमदा, फोम सगळं चालतं. हौद्याची खालची बाजू म्हणजे चाकांनी उडवलेला काळ्या मातीचा चिखल, पाणी आणि खडे यांचं घर. पाणी पिणारी कुठलीही वस्तू तिथं लावली की ती ओली पट्टी होऊन पत्र्याला चिकटते आणि गंजाला बारमाही ओलीत मिळतं. वर सायलेन्सरची धग. तेल-डिझेलनं माखलेला कापूस आणि तापलेला पाइप यांची सोयरीक कशी संपते, ते विमा कंपनीला विचारा.

उतरवायचाच ठरला तर

एवढं ऐकूनही हौदा उतरवायची हौस फिटली नसेल, तर काम उगीच अवघड नाही; फक्त घाईचं नाही. आदल्या संध्याकाळी गाडी खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा आणि गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. घाईनं पाना लावला की बोल्टाचं डोकं तुटतं आणि मग कटर, ड्रिल, वेल्डर अशी वरात लागते.

सकाळी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. मागच्या दिव्यांचे कपलर, मडगार्डचे रबरी पडदे, असेल तिथं डिझेलच्या तोंडाची नळी, सगळं सोडवायचं. कुठली वायर कुठं होती याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्याच्या गाडीचा डावा इंडिकेटर पुढं ब्रेक दाबला की लागतो. मग बोल्ट आणि क्लॅम्प. हौदा उचलायला चेनकप्पी किंवा पुरेसे गडी घ्या. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: नुसत्या साखळीवर लटकलेल्या हौद्याखाली कुणीही शिरायचं नाही. खाली लाकडी ठोकळे नाहीतर घोडे लावल्याशिवाय पोराला ‘जरा खाली बघ रे’ म्हणायचं नाही.

हौदा बाजूला झाला की खरा खजिना दिसतो. चेसिसच्या वरच्या पट्टीवर वर्षानुवर्षांची माती दाबून बसलेली असते, त्यात सांडलेलं खत. पोटॅश म्हणून जे आपण टाकतो, त्यातलं नेहमीचं खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचंच भावंड. ओलाव्यात ते पोलादाला सुखानं कुरतडतं. रोज दिसणाऱ्या बाजूला चकाचक रंग आणि हौद्याखाली पापुद्रे, अशी कितीतरी गाड्यांची अवस्था असते. ब्रेकची नळी कुठं घासते आहे, पाट्याला तडा आहे का, सायलेन्सरचं हँगर तुटलंय का, हे सगळं आता उभ्याउभ्या बघता येतं.

यापुढचा क्रम मी असा लावीन. आधी गंज खरवडून प्रायमर. मग जुनं, चेपून पापड झालेलं पॅकिंग फेकून नवं, जाड रबर. खडखडीवरचा सर्वांत स्वस्त उतारा हाच. मग आतापर्यंत हात न पोचलेली केबिनची मागची भिंत, कारण ड्रायव्हरच्या पाठीशी तीच आहे. ०.८ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलो भरतो, त्यावर ३ किलोची शीट आली की साडेतीन डेसिबलच्या आसपास अडथळा वाढतो आणि ‘टण्ण’ जातं ते वेगळं. शेवटी हौद्याची खालची बाजू. तिथं शीटपेक्षा रबरयुक्त अंडरकोटिंगचा फवारा बरा, कारण त्याच्यामागं पाणी शिरत नाही. शीटच लावायची तर डांबराची नको. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या पत्र्याखाली डांबर मऊ होतं, वास मारतं आणि सुटून लोंबतं. पाणी निघायची भोकं बुजवू नका. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम, लवचीक होज आणि हँडब्रेकची केबल यांच्यावर फवारा जाऊ देऊ नका. चेसिसला नवीन भोक तर अजिबात पाडू नका.

हौदा परत बसवला की बोल्ट कंपनीनं दिलेल्या मापानं आवळायचे आणि पहिल्या काही भरलेल्या फेऱ्यांनंतर पुन्हा. नवं रबर दबतं, बोल्ट आपोआप सैल पडतात. हे विसरलात तर उतरवलेली खडखड व्याजासकट परत येते.

फार शांतताही सोसत नाही

रोल्स-रॉइसनं २०२० साली नवी घोस्ट गाडी काढली, तिच्यात १०० किलोंहून जास्त आवाजरोधक सामान भरलं होतं. गाडी इतकी शांत झाली की आत बसणाऱ्यांना गुदमरल्यासारखं वाटू लागलं. मग अभियंत्यांनी सीटच्या सांगाड्यापासून बाकीच्या भागांपर्यंत सगळ्यांची कंपनं जुळवून एक हलकीशी कुजबुज मुद्दाम ठेवली. कोट्यवधी रुपये देऊन शांतता घ्यायची आणि वर थोडा आवाज परत मागायचा, श्रीमंतांची दुखणीही श्रीमंत.

बीएमडब्ल्यूनं २०११ च्या एम-५ मध्ये इंजिनचा आवाज स्पीकरमधून आत ऐकवायला सुरुवात केली. अमेरिकेतली लाडकी पिकअप फोर्ड एफ-१५०, तिच्या इकोबूस्ट इंजिनाचा आवाज गिऱ्हाइकांना मर्दानी वाटेना, म्हणून तिथंही आवाजाला विजेची फोडणी दिली गेली. विजेवरच्या गाड्यांचं तर उलटंच. त्या इतक्या गुपचूप येतात की पायी चालणाऱ्याला कळत नाही, म्हणून युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलांना कमी वेगात कृत्रिम आवाज काढण्याची सक्ती आहे. बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ वेगळ्या वाटेनं परत आली म्हणायची.

त्याच हौद्यावर डीजे

एकीकडं हौद्याखाली शांततेची शीट आणि लग्नसराईत त्याच हौद्यावर स्पीकरांची भिंत, हा विरोधाभास आपल्याकडंच बघायला मिळतो. इथं कायदा दोन्ही बाजूंनी लागतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणं वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. तोच हौदा काढून, रंगवून, तसाच बसवला तर प्रश्न नाही. हौदा लांबवला, उंच केला, स्पीकरसाठी सांगाडा जोडला की एमएच २३ ची पाटी बघून आरटीओ गाडी बाजूला घ्यायला सांगणार. सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडणं किंवा विनाकारण हॉर्न वाजवणं, याला कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुढं २,००० रुपये दंड आहे.

बाकी या तालुक्याला मोठ्या आवाजाचा इतिहास आहेच. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला. त्या दिवशी तोफांनी केला त्याहून जास्त आवाज करायची जिद्द इथल्या काही मंडळांनी धरलेली दिसते. त्यांना एवढंच सांगणं, माधवरावांनी लढाई जिंकली आणि नंतर तोफा थंड केल्या.

तर हिशेब असा. निव्वळ शांततेसाठी हौदा उतरवणं हा तोट्याचा सौदा आहे. हौद्याचा तळ मढवून केबिनमध्ये फार थोडं पोचतं, कारण इंजिन, गिअर आणि टायरचा आवाज येतो तो केबिनच्या फरशीतून आणि फटींतून. आधी फाळक्याच्या कड्यांना रबर, स्टेपनी घट्ट, पाट्यांचे बुश, इंजिनचे माउंट, दारांची रबरं आणि केबिनच्या फरशीला शीट, एवढं करून बघा. निम्म्या गाड्यांचं काम तिथंच भागेल. गंज काढायला हौदा उतरवावा लागणारच असेल, तर मात्र त्याच खर्चात पॅकिंग आणि मागची भिंत उरकून घ्या. कोटिंग मारणाऱ्याला एक बजावून ठेवा: चेसिस नंबर कोरलेल्या जागेवर आधी चिकटपट्टी लाव. गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी असतं आणि तिथं नंबर वाचता आला नाही तर गाडी कितीही शांत असो, परत पाठवतात.